पुरावा आधी, दुरुस्ती नंतर

घर बांधताना माणूस आधी भिंत घालतो, मग दार बसवतो, आणि कुलूप आणतो ते पहिली चोरी झाल्यावर. मधला जो काळ असतो त्याला भरवसा म्हणतात. आमच्या संस्थेत हा काळ चौदा वर्षं टिकला. गोष्ट अभिमानाची आहे आणि वार्षिक अहवालात ती तशीच छापली आहे (पान बावीस, चौकटीत).

आमची संस्था 'साठवण' नावाचं सॉफ्टवेअर करते. साठवणीचं काम एवढंच, की तिच्या हवाली केलेल्या फाइलीचं प्रत्येक रूप जपायचं. आज तुम्ही एक पत्र लिहिलंत, उद्या त्यातला एक शब्द खोडलात, परवा तोच शब्द चुचकारून परत आणलात, तर साठवण तिन्ही पत्रं सांभाळते. कोणी बदललं, कधी बदललं आणि का बदललं, तेही लिहून घेते. घरातल्या थोरल्या जावेची स्मरणशक्ती तिला लाभली आहे, फक्त ती ऐन जेवणाच्या पानावर काही काढत नाही. एकूण एकसष्ट हजार दोनशे चार माणसं साठवण वापरतात. नकाशे काढणारे, औषधांच्या याद्या करणारे, नाटकं लिहून पुरी न करणारे, असे सगळे त्यात आले.

आता साठवणीतल्या भोकाविषयी. (पुढे यासाठी नेमलेल्या समितीच्या दुसऱ्या बैठकीत 'भोक' हा शब्द असभ्य ठरला. त्याऐवजी 'अनपेक्षित मोकळेपणा' असं लिहायचं ठरलं. आम्ही दोन्ही वापरू.)

दुसऱ्याकडून फाइल येते तेव्हा तिच्याबरोबर तिचा पत्ता येतो, की मला अमुक फोल्डरात ठेवा. फोल्डर म्हणजे खोली समजा. संगणकाच्या भाषेत एका खोलीतून बाहेरच्या खोलीत जायचं असेल तर पत्त्यात दोन टिंबं देतात. पुन्हा दोन टिंबं दिली की त्याच्याही बाहेर. अशी टिंबं देत देत एखादी फाइल साठवणीने नेमून दिलेल्या खोलीतून निघून थेट मालकाच्या खासगी कपाटापाशी पोचू शकत होती, आणि साठवण तिला हाताला धरून तिथवर सोडत होती. त्या जागी त्याच नावाची फाइल आधीच बसलेली असली तर तिला उठवून नवीला बसवत होती. उठवलेली कुठे गेली, हे विचारायची पद्धत नव्हती.

साठवण ज्यांनी लिहिली त्यांना संस्थेत सगळे आजोबा म्हणतात (वय त्रेचाळीस, या धंद्यात तेवढ्यात आजोबा होता येतं). पत्ता तपासायची जिथे गरज होती, नेमकं तिथे त्यांनी चौदा वर्षांपूर्वी एक शेरा लिहून ठेवला होता: 'असं कोण करेल?' इतकी वर्षं हा शेरा म्हणजेच संस्थेचं सुरक्षा धोरण होतं. त्यात एकदाही बदल करावा लागला नाही.

मग एका सभेत संस्थेचे प्रमुख भाषणाला उभे राहिले. त्यांचं भाषण साठवणीत ठेवलेलं होतं. कुठल्याशा कंत्राटदाराच्या त्याच नावाच्या फाइलीच्या पत्त्यात चुकून चार टिंबं जास्त पडली होती आणि ती येऊन भाषणाच्या जागी बसली होती. प्रमुखांनी गंभीर आवाजात वाचलं, "पूर्वेची भिंत. ओल आहे. खरवडून पुन्हा करावी." सभागृहात काहींनी माना डोलावल्या. "नळाखालचा भाग पोकळ वाजतो," हे त्यांनी वाचलं तेव्हा टाळ्या पडल्या. दुसरं पान संपताना फरश्यांची मापं आली, तेव्हा कुठे प्रमुखांनी चष्मा काढला. पुढे कित्येक दिवस लोक त्यांना सांगत होते की संस्थेबद्दल इतकं स्पष्ट कोणी बोललं नव्हतं.

चौकशी रफूताईंकडे आली. रफूताई म्हणजे सॉफ्टवेअरच्या जुन्या लिखाणातली विरलेली जागा शोधून टाके घालणाऱ्या बाई. वय एकोणचाळीस, बोलणं कमी, आणि काम असं की हात फिरवला तरी टाका लागू नये. त्यांनी भोक शोधलं आणि ते बुजवणाऱ्या तीन ओळी लिहिल्या. साठवणीने फाइल ठेवण्यापूर्वी पत्ता वाचावा. तो उंबऱ्याबाहेर जात असेल तर फाइल घेऊ नये. आणि तसं मालकाला सांगावं. या कामाला चाळीस मिनिटं लागली (चहा धरून).

मंजुरीला चौऱ्याहत्तर दिवस लागले. हा वेळ वाया गेला असं म्हणणाऱ्यांना कामकाज म्हणजे काय ते कळत नाही. पहिल्या आठवड्यात समिती नेमली. दुसऱ्या आठवड्यात समितीला खोली मिळाली. तिसऱ्या आठवड्यात खोलीची किल्ली. कायदा पाहणाऱ्या बाईंनी विचारलं की उंबऱ्याची व्याख्या काय, आणि त्यावर नऊ दिवस चांगली चर्चा झाली. आजोबांनी एकदाच तोंड उघडलं. ते म्हणाले की तेव्हा लोक तसे नव्हते. ते तसंच इतिवृत्तात घेतलं.

समितीने एक नियम मात्र पहिल्याच दिवशी केला. दुरुस्ती जाहीर होईपर्यंत मोकळेपणाविषयी घरीदारी ब्र काढायचा नाही. नियम योग्यच आहे. भोक कुठे आहे हे बुजवण्याआधी सांगितलं तर जाणारे येणारे त्यातून जाऊ लागतात. बैठकीला येताना सगळ्यांनी आपापले फोन दाराशी ठेवलेल्या वेताच्या टोपलीत टाकायचे, असंही ठरलं.

हा नियम रफूताईंना जड गेला, कारण त्यांच्या घरी साठवण होती.

रफूताईंचे वडील एका छापखान्यात मुद्रितं तपासत. निवृत्त झाले आणि दोन वर्षांत बायको गेली. तिला गाण्याची सवय होती. सवयच म्हणायची, कारण ती काही कुठे चारचौघांत गायली नाही. भांडी विसळताना, उशांचे अभ्रे चढवताना, मुलीची वेणी घालताना ती दोन दोन ओळी रचायची आणि तिथेच सोडून द्यायची. वडील आता त्या ओळी आठवून आठवून एका फाइलीत उतरवत होते. फाइलीचं नाव 'गाणी'. लेकीने त्यांना साठवण बसवून दिली होती, म्हणजे एखादी ओळ बदलली तरी आधीची हरवायला नको.

पण साठवण नोंद करून घेताना कारण विचारते. कारणाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. इतर लोक त्यात 'बदल' असं लिहून मोकळे होतात (आमच्या पाहणीनुसार शंभरांतले एक्याऐंशी, उरलेल्यांपैकी बारा जण नुसतं टिंब देतात). वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांना कारणं दिली होती. ते खरं लिहायचे. 'आठवलं.' 'परत आठवलं.' 'ही ओळ तिची नसावी, माझी वाटते, म्हणून काढली.' 'काढल्यावर चुकचुकलं. परत ठेवली.' अशा एकशे बारा जोडओळींच्या नोंदी झाल्या.

मग एक अशी जोडओळ आली, जिची फक्त पहिली ओळ त्यांना आठवत होती.

*दार लावते मी घट्ट, वारा बाहेर राहू दे*

पुढचं काही येईना. त्यांनी तेवढीच लिहिली आणि नोंदीचं बटण दाबलं. साठवणीने कारण विचारलं. खरं कारण एकच होतं, आणि ते लिहायला हात होईना. 'विसरलो' असं तिच्या गाण्यांच्या वहीत कसं लिहायचं? त्यांनी 'नंतर' वर बोट ठेवलं. त्यानंतर अकरा महिने ते रोज सकाळी 'नंतर' म्हणत होते. त्या अकरा महिन्यांत आणखी चाळीस जोडओळी आठवल्या. त्या फाइलीत होत्या, पण साठवणीच्या खात्यात एकीचीही नोंद नव्हती. कोणी येऊन त्या जागी बसलं असतं तर त्या गेल्याच असत्या.

हे सगळ्या जगात एकट्या रफूताईंना ठाऊक होतं, आणि त्यांना बोलायची बंदी होती.

त्या जेवताना म्हणायच्या, "बाबा, नोंद करून टाका."

"करतो नंतर."

"बरं, मग निदान कोणाचं काही घेऊ नका. छापखान्यातले तुमचे मित्र कायकाय पाठवत असतात."

"कोणाचं काही घ्यायचंच नाही, तर त्याला साठवण कशाला म्हणता मग?"

यावर त्यांच्यापाशी उत्तर होतं, पण ते समितीच्या कपाटात होतं. एकदा त्यांनी सुचवलं की मी एक प्रत काढून ठेवते. वडील म्हणाले की अपुरं मुद्रित टेबलावरून हलत नाही. बापाच्या अपुऱ्या कागदाला हात लावायचा नाही, हा त्या घरचा नियम आमच्या सगळ्या नियमांहून जुना होता. तो मोडायचं रफूताईंच्या मनात आलं, पण तेवढं धाडस झालं नाही. घरी निघताना त्या रोज वेताच्या टोपलीतून फोन उचलायच्या आणि आधी पाहायच्या की वडिलांचा तर आला नाही ना.

आता नियम सातवा. समितीत तपासणीचं काम पाहणाऱ्या गृहस्थांना सगळे पुरावेकाका म्हणतात. पाऊस पडतोय असं सांगितलं तर ते खिडकीतून हात बाहेर काढतात, आणि मग दुसऱ्याला काढायला लावतात. सातवा नियम त्यांचाच: 'जी दुरुस्ती आपल्या पुराव्याशिवाय येईल, तिला दुरुस्ती समजू नये. पुरावा दुरुस्तीसोबत कायमचा ठेवावा व तिच्या आधी सादर करावा.' म्हणजे कुलूप बसवणाऱ्याने एक चोरही आणून द्यायचा, त्याला कुलपासमोर उभं करायचं, आणि दोघांची रवानगी एकाच पेटीतून करायची. नियमाने आजवर पुष्कळ भलं केलं आहे. आम्ही त्याच्याविरुद्ध काही ऐकून घेणार नाही.

तेव्हा रफूताईंना चोर तयार करावा लागला. एक छोटी फाइल, पत्त्यात दोनदा दोन टिंबं, म्हणजे दोन खोल्या ओलांडून मालकाच्या घरात जाणारी. पुरावेकाका म्हणाले की नुसती जाऊन उपयोग नाही, तिथे बसलेल्या कोणाला तरी तिने उठवायला हवं. कोणाला, ते नाव द्या.

रफूताईंनी 'गाणी' असं नाव दिलं.

पुढे झालेल्या चौकशीत त्यांना याचं कारण विचारलं गेलं. त्या म्हणाल्या, की काय गेलं तर वाईट वाटेल असा प्रश्न होता, आणि चौऱ्याहत्तर दिवस माझ्या बोटांत दुसरं नावच नव्हतं. शिवाय हिशोब सरळ होता. त्या जागी त्या नावाची फाइल जगात एकाच घरात होती, म्हणजे बाकी कोणाला धोका नव्हता. आणि ते एक घर त्यांचं स्वतःचं होतं. जाहीर झाल्या दिवशी दुपारी घरी जाऊन, पुरावा बाजूला काढून, आपल्या हाताने दुरुस्ती बसवायची, असं त्यांनी ठरवलं होतं. वडील त्यांना विचारल्याशिवाय पडद्यावरच्या कशालाही हात लावत नसत. माऊसचा बाण चुकून कोपऱ्यात गेला तरी फोन यायचा.

चोराच्या आत एक वाक्य लिहायचं होतं, म्हणजे तो पोचला की कळेल. त्यांनी फाइलीच्या तोंडी लिहिलं, 'मी आत आले आहे. मला कोणी अडवलं नाही.'

तपासणी झाली. पुरावेकाकांच्या यंत्रावर दुरुस्ती आधीच बसवलेली होती, म्हणून चोर अडला. सगळ्यांनी सह्या केल्या. ज्यांच्याकडे दुरुस्ती अजून पोचायची आहे त्यांच्याकडे चोर आधी पोचेल, आणि त्याला आत घेणारी जुनीच साठवण असेल, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. त्यासाठी वेगळी समिती लागली असती.

सोमवारी अकरा वाजता एकसष्ट हजार दोनशे चार पडद्यांवर सूचना गेली. 'आपल्या सुरक्षिततेसाठी तातडीने नवी साठवण घ्यावी.' खाली दोन बटणं, 'आता' आणि 'नंतर'. समिती निकालाची वाट पाहत बसली. फोन टोपलीत होते.

निकाल असा:
'नंतर' म्हणणारे एकसष्ट हजार एकशे नव्वद.
'ही सूचना पुन्हा दाखवू नका' म्हणणारे नऊ.
साठवण म्हणजे काय, असं विचारणारे चार (यांपैकी एक संस्थेच्याच स्वागतकक्षातून).
'आता' म्हणणारा एक.

वडिलांनी सूचना पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली. छापखान्याची सवय. त्यांनी तीनदा लेकीला फोन लावला. टोपलीत तीनदा थरथर झाली. समितीने ती शिस्तीचं लक्षण म्हणून ऐकली. मग त्यांनी 'तातडीने' हा शब्द पुन्हा वाचला. लेकीच्या संस्थेने तातडीने म्हटलं आहे, तर तातडीच असणार. आमच्या शब्दावर इतका विश्वास ठेवणारं माणूस आम्हाला चौदा वर्षांत दुसरं भेटलं नाही. जुनी साठवण कामाला लागली. नियमाप्रमाणे आधी पुरावा आला. तो दोन खोल्या ओलांडून गेला आणि 'गाणी'च्या जागी बसला. मग दुरुस्ती आली आणि तिने मागून दार घट्ट लावून घेतलं.

रफूताई घरी पोचल्या तेव्हा वडील पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसले होते. चष्मा टेबलावर होता.

ते म्हणाले, "तिथे लिहिलंय, मी आत आले आहे. क्षणभर मला वाटलं, तीच."

रफूताई खाली बसल्या. चौऱ्याहत्तर दिवस न बोललेलं त्यांनी सगळं सांगितलं. टिंबं, पत्ता, समिती, नियम सातवा, आणि नाव आपणच दिलं तेही. वडिलांनी मुद्रित ऐकावं तसं ते मध्ये न बोलता ऐकलं.

मग म्हणाले, "तुझ्या कामात चूक नाही. फक्त क्रम चुकलाय."

एकशे बारा जोडओळी साठवणीच्या पोटातून जशाच्या तशा निघाल्या. एकेचाळीस गेल्या. वडील म्हणाले की त्या आठवायला मला अकरा महिने लागले, आता तेवढा काळ हाताशी आहे का कोणास ठाऊक, आणि डोकंही पूर्वीसारखं चालत नाही. रफूताई उठल्या. आतून कंगवा आणला, वडिलांच्या हातात दिला आणि त्यांच्याकडे पाठ करून बसल्या. केस सोडले.

बापाला वेणी घालता येत नव्हती. पण कंगवा फिरू लागला, आणि एकोणचाळीस वर्षांच्या त्या बाईच्या मानेला आठव्या वर्षीची सवय आठवली. गुंता सुटला की रफूताईंच्या तोंडून एक ओळ, गुंता लागला की दुसरी. वडील थांबून टाइप करायचे, परत कंगवा घ्यायचे.

तेवढ्यात चौकशीसाठी पुरावेकाका फॉर्म घेऊन आले. त्यांना खुर्ची देऊन परत काम सुरू झालं. दोन तास ते बसून ओळी मोजत होते. मग न राहवून त्यांनी विचारलं, की या ओळी मुळात अशाच होत्या याला पुरावा काय? वडील केसांतून नजर न काढता म्हणाले, "तुमच्या फॉर्मात कंगव्याला रकाना आहे का?" पुरावेकाकांनी फॉर्म उलटून पाहिला. रकाना नव्हता. 'इतर' मध्ये त्यांनी नोंद केली, ती आमच्या दप्तरात आहे. साक्षीदार: कंगवा, एक. दोन दात तुटलेले.

सदतीस आठवल्या. तीन गेल्या त्या गेल्या. शेवटी वडिलांनी चाचरत ती अपुरी ओळ म्हटली. दार लावते मी घट्ट, वारा बाहेर राहू दे. पुढचं तुला येतं का, हे विचारायचं त्यांना धैर्य होईना. विचारावं लागलंच नाही.

*माझ्या लेकीची चाहूल फटीतून येऊ दे*

वडिलांनी ती लिहिली. बटण दाबलं. साठवणीने कारण विचारलं, तेव्हा त्यांनी जराही न थांबता लिहिलं, 'लेकीला आठवलं.'

समितीचा अहवाल यथावकाश आला. त्याचा निष्कर्ष असा, की या प्रकारात एकसष्ट हजार दोनशे तीन वापरकर्ते आपल्या स्वभावामुळे सुरक्षित राहिले; संस्थेचं जे ऐकेल त्यालाच इजा होते, हे सिद्ध झालं; तरी संस्थेचं कोणी ऐकत नाही ही आजवरची तक्रार मागे घेण्यात यावी. नियम सातवा कायम आहे, फक्त पुरावा आता दुरुस्तीच्या मागून निघतो. पुरावेकाकांनी फॉर्मात कंगव्याचा रकाना वाढवून मागितला आहे. प्रस्ताव विचाराधीन आहे. आजोबांच्या 'असं कोण करेल?' या शेऱ्याला समितीने वारसा म्हणून हात लावला नाही. त्याच्याखाली रफूताईंनी एक शब्द जोडला आहे: 'आपणच.'

सुधारलेली साठवण पुन्हा पाठवून आता पाच महिने झाले. या वेळी तिच्या पुढे चोर नाही, हे आम्ही शपथेवर सांगतो. ती घेणारे आजपर्यंत तीन: वडील, रफूताई, आणि पुरावेकाका (दोनदा).

उरलेल्यांत, वाचकहो, तुम्ही आहात. हे वाचायला बसताना पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन आला होता आणि तुम्ही त्याला माशी हाकलावी तसं हाकललंत. तुमच्याही घरात कोणाला तरी काहीतरी आठवतं आहे, जे लिहून घ्यायचं तुम्ही केव्हापासून म्हणता आहात. त्यालाही तुम्ही तेच बटण दाखवलं आहे. आम्ही दोष देत नाही. तुमच्या नावापुढे दोन्हीकडे 'नंतर' अशी नोंद आम्ही आधीच करून ठेवली आहे, तुम्हाला तसदी नको म्हणून.

तेवढं कारण सांगा. तो रकाना रिकामा ठेवता येत नाही.